स्पार्क प्लगभोवतीची तेलगळती

पेट्रोल इंजिनाच्या टॅपेट कव्हराखालचे वंगणतेल स्पार्क प्लगच्या नळीत उतरण्याचा दोष. नळीच्या तोंडाशी असलेले रबरी सील इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन चिरते. नागपूरच्या ४५° से.पर्यंत चढणाऱ्या उन्हाळ्यात, तिथल्या नंदनवन भागासारख्या दाट वस्तीतून रेंगाळत चालणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांवर उष्णतेचा हा ताण वाढतो.

निदान : इग्निशन कॉइल उपसल्यावर तिच्या रबरी बुटावर तेल दिसते. तेलाने बूट फुगला, की ठिणगी बाजूला फुटते आणि इंजिन मिसिंग करते. प्लगचा वरचा भाग ओला, पण टोक कोरडे असल्यास दोष सीलचा असतो. टोकच तेलकट काळे असल्यास पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याचा संशय घ्यावा.

दुरुस्ती : इंजिन थंड झाल्यावर नळीतले तेल प्रथम पूर्ण शोषून घ्यावे, नाहीतर प्लग काढताच ते सिलिंडरमध्ये पडते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग आणि नळ्यांची सीले एकदमच बदलावीत. बोल्ट उत्पादकाने ठरवलेल्या क्रमाने व टॉर्कनेच आवळावेत. फुगलेले बूट बदलावेत. क्रँककेसमधले वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलेला असल्यास आतला दाब वाढून नवे सीलही गळते. म्हणून तोही तपासणे आवश्यक असते.