माणशी अर्धा एकर

आजी भाकरी मोजून थापायची. कणगी बाजरीनं भरलेली असो नाहीतर तळाला गेलेली, पिठात पाणी घालायच्या आधी तिचा एकच प्रश्न असायचा, "आज तोंडं किती?" त्या मोजणीत सालगडी असायचा, त्याची पोरं असायची, वस्तीवर टेकलेला वाटसरूसुद्धा. मला ती तिची नुसती सवय वाटायची. ती ७२च्या दुष्काळात लागलेली सवय होती, हे पुष्कळ उशिरा कळलं.

आमचं गाव पुरंदर तालुक्याच्या पूर्वेकडचं. ढग पश्चिमेला डोंगरावर रिते होतात आणि आमच्याकडं नुसता वारा पोचतो. ७२ साली आजी पंचविशीत होती. माणसं मुंबईला जगायला गेली आणि मागं राहिलेल्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला बसल्या. मुकादम मस्टरवर हजेरी मांडायचा, पोरांना सुकडी मिळायची, रेशनला तांबडा मिलो. "त्याच्या भाकरीला चव न्हवती, पर भाकर व्हती," आजी सांगायची. रस्त्याच्या कडेनं खडीचे ढीग वाढत गेले. ते सांगताना ती हाताचे घट्टे दाखवायची आणि म्हणायची, "येवढं झिजलो, पर खडीला काय कोंब फुटतोय?"

त्याच ढिगांपाशी पुण्याचे एक उद्योजक थबकले होते. विलासराव साळुंखे. पत्नी कल्पनाताईंसोबत ते दुष्काळी कामं बघत तालुक्यात फिरत होते. एवढे हात राबताहेत, तर ते पाणी अडवायला का राबू नयेत, हा त्यांचा सवाल. नुसतं विचारून ते परतले नाहीत. नायगावात देवस्थानची ४० एकर माळजमीन त्यांनी कराराने घेतली, उतारावर बांध घातले, खालच्या अंगाला पाझर तलाव आणि त्याखाली विहीर. आमच्या चुलत आजोबांना तो शुद्ध वेडेपणा वाटला होता. मग विहिरीला पाणी लागलं, माळावर पीक उभं राहिलं, आणि तेही सायकलवरून बघून आले.

पाणी अडवण्यापर्यंतची गोष्ट गावानं आनंदानं ऐकली. खरी कसोटी पुढं होती. साळुंख्यांनी या पाण्यासाठी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीचा नियम असा, की पाणी जमिनीच्या मापानं मिळणार नाही, माणसांच्या मापानं मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका घराला फार तर अडीच एकरांपुरतं. मग सातबारा पन्नास एकरांचा असला तरी. ऊस लावायचा नाही. खर्चातला २० टक्के वाटा सभासदांनी स्वतः उचलायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जाणार नाही. आणि ज्यांच्या नावावर गुंठाभरही रान नाही, त्यांनाही पाण्याचा वाटा.

शेवटच्या कलमावर आमच्या गावची बैठक मोडायला आली होती. चुलत आजोबा उभे राहून कडाडले, "ज्याला वावर न्हाई, त्यो पाणी घेऊन काय करणार?" आजी बायांच्या घोळक्यात बसली होती. दिरासमोर बोलायची रीत नव्हती, तरी पदर सावरून ती बोलली, "भावजी, भाकरी वाढताना आपून गड्याला त्याचं वावर इचारतो का?"

ही गोष्ट मी तिच्याकडून किती वेळा ऐकली असेल! दर वेळी तिचा आवाज त्याच जागी थोडा कापायचा. मला वाटतं, पुरंदरच्या त्या प्रयोगाची सगळी तत्त्वं तिच्या त्या एका वाक्यात मावतात. दुसऱ्याचं रान वाट्यानं कसून भूमिहीनांनीही पाण्याचा हक्क वापरला, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं.

साळुंखे २००२ साली गेले. आमच्या गावची योजना त्याआधीच विस्कटली होती. सामाईक मोटारीचं वीजबिल थकत गेलं, आणि ज्यांना परवडलं त्यांनी आपापल्या रानात बोअर घेतले. त्यांत माझे वडीलही होते. त्यांना चारशे फुटांवर पाणी लागलं आणि वर्षभरात त्यांनी दीड एकर ऊस लावला. आजी त्या उसाच्या बांधावर कधी गेली नाही.

काही वर्षांपूर्वी गावात पुन्हा श्रमदान सुरू झालं. उन्हाळ्याच्या पहाटे टिकाव-फावड्यांचा आवाज, रविवारी पुण्याहून गाड्या भरून येणारी पोरं, समपातळी चर, घामेजलेले हसरे चेहरे. मी रजा काढून महिनाभर राबलो. आयुष्यातले ते फार चांगले दिवस होते. एका सकाळी आजी काठी टेकत टेकडीवर आली. सत्तरी ओलांडली होती. दगडावर बसून तिनं चरांच्या रांगा न्याहाळल्या, आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली, ओठ हलवत डोकी मोजली. मग मला जवळ बोलावून विचारलं, "अडवताय ते ब्येस केलं. पर वाटणार कसं, ते ठरलंय का?"

माझ्या हातात मातीचं घमेलं होतं. मी सरपंचांकडं पाहिलं, सरपंचांनी माझ्या वडलांकडं. वडील चराच्या तळाशी उतरले होते. खाली मान घालून त्यांनी टिकाव उचलला.