म्हाळसा

म्हाळसा : मराठी आणि कोंकणी भाषकांतील एक विरळ स्त्रीनाम. खंडोबाच्या पहिल्या पत्नीचे आणि गोव्यातील म्हार्दोळच्या म्हाळसा नारायणी या देवीचे हे नाव. महाळसा, महालसा ही त्याची पर्यायी रूपे. आदराने म्हाळसाबाई किंवा म्हाळसाई असे म्हणतात. खंडोबा ज्यांचे कुलदैवत आहे अशा हजारो घरांत ही देवी पिढ्यान्‌पिढ्या देवघरात पुजली जाते. मुलीच्या बारशाला मात्र हे नाव फार क्वचित ऐकू येते.

व्युत्पत्ती : संस्कृत ग्रंथांत या देवीला ‘महालसा’ म्हटले आहे. त्यापासून ‘म्हाळसा’ होताना मराठीच्या नेहमीच्या दोन लकबी दिसतात. पहिली, आरंभीचा ‘मह’ आखडून ‘म्ह’ होणे : महिषीची म्हैस झाली ती अशीच. दुसरी, दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ होणे : फल–फळ, काल–काळ, कमल–कमळ. ‘महालय’ या शब्दाचा ‘म्हाळ’ होताना दोन्ही बदल एकदम घडले, आणि ‘महालसा’ची ‘म्हाळसा’ त्याच वाटेने झाली. म्हणजे मूळ नाव संस्कृत असो वा लोकभाषेतून संस्कृतात गेलेले असो, आजचे रूप अस्सल मराठी वळणाचे आहे.

अर्थ : ‘महा’ आणि ‘लस्’ (शोभणे, झळकणे) अशी फोड करून ‘अत्यंत तेजस्वी’ असा अर्थ सांगतात. काही जण मार्कंडेय पुराणातील मदालसेशी या नावाचे नाते जोडतात. तिसरा धागा नेवाशाला जातो. शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी नेवासे येथे पूर्ण झाली. तिच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी त्या क्षेत्राची अधिष्ठात्री म्हणून ‘महालया’ या देवतेचा उल्लेख येतो, आणि तिची ओळख म्हाळसेशी पटवली जाते. भक्तांना मात्र नावाचा अर्थ विचारला की ते फोड सांगत नाहीत, गोष्ट सांगतात.

दैवतकथा : लोककथेनुसार म्हाळसा नेवाशाच्या तिमशेट या लिंगायत वाण्याची लेक. तिचे खंडोबाशी लग्न सातारा जिल्ह्यातील पाली (पाल) येथे लागले. तारळी नदीच्या काठी असलेल्या या गावी दरवर्षी पौषात यात्रा भरते आणि देवाचे लग्न लावले जाते. खंडोबाच्या जेजुरीत हळदीच्या भंडाऱ्याने पायऱ्या पिवळ्या होतात, तशीच इथेही वऱ्हाडी मंडळी भंडारा उधळतात. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई (बानू) ही धनगराची मुलगी. खंडोबाचे भक्त वाघ्या-मुरळी जागरणात या दोघी सवतींचे भांडण गातात : एकीकडे पेठेतल्या वाण्याचे घर, दुसरीकडे मेंढरांचा वाडा. जेजुरीच्या गडावर देवाशेजारी म्हाळसा आहे, तर बाणाईचे देऊळ पायऱ्यांच्या वाटेवर, निम्म्या उंचीवर आहे.

म्हाळसेला कुठे पार्वतीचा, तर कुठे विष्णूच्या मोहिनी रूपाचा अवतार मानतात. नेवाशात आजही मोहिनीराजाचे देऊळ आहे. तिथे समुद्रमंथनानंतर देवांना अमृत वाढणाऱ्या मोहिनीची आठवण सांगतात. एकाच देवतेच्या नावात ‘मोहिनी’ हा स्त्रीलिंगी आणि ‘राज’ हा पुल्लिंगी शब्द शेजारी बसले आहेत. खंडोबाला शिवाचा अवतार मानतात. त्यामुळे शैव पतीची ही पत्नी वैष्णव कथेतून येते, आणि दोन्ही परंपरा या एका नावात एकत्र नांदतात. कर्नाटकात खंडोबाला मैलार म्हणतात. तिथे त्याच्या पत्नीचे नाव गंगीमाळव्वा, आणि तिला म्हाळसेच्या जागी मानतात.

टाकावरची म्हाळसा : नावाचा खरा अर्थ पाहायचा तर देवघरातला टाक हातात घ्यावा. टाक म्हणजे चांदीचा छोटा, पातळ पत्रा. मागून ठोकून त्यावर मूर्ती उठवलेली असते. खंडोबाच्या टाकावर घोडा असतो. पुढे हाती शस्त्र घेतलेला देव आणि त्याच घोड्यावर म्हाळसा. घोड्याच्या पायाशी कुत्रा. काही चित्रांत आणि मूर्तींत तिच्या हाती भाला असून ती स्वतः दैत्याच्या छातीत तो खुपसते आहे. मल्लारीमाहात्म्य या ग्रंथातील मणी आणि मल्ल या दैत्यांशी झालेले हे युद्ध. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, त्यातील विजयाचा उत्सव होतो. वर्षानुवर्षे पाणी घालून आणि पुसून टाकावरचे नाकडोळे झिजतात. मग तो सोनाराकडून उजळून आणतात. चेहरे पुसट झाले तरी एका घोड्यावरची ती दोन माणसे ओळखू येतात. नवरा लढाईला निघाला म्हणून घरी थांबलेली ही बायको नव्हे. या नावाची सर्वांत मोलाची शिकवण तीच, असे या नोंदीचे मत आहे.

गोव्यातील परंपरा : गोव्यात म्हाळसा नारायणी ही स्वतंत्र देवी आहे. अनेक गौड सारस्वत आणि दैवज्ञ घराण्यांची ती कुलदेवता. परंपरेप्रमाणे ती नेवाशाहून गोव्यात आली. तिचे मूळ देऊळ साष्टीतील वेर्णे येथे होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळे पाडली, तेव्हा भक्तांनी मूर्ती हलवून फोंडा महालातील म्हार्दोळला नेली. त्या वेळी तो भाग पोर्तुगीजांच्या ताब्याबाहेर होता. मूर्ती चतुर्भुज असून हातांत त्रिशूळ, तलवार, दैत्याचे मस्तक आणि पात्र आहे. स्त्रीदेवता असूनही तिच्या अंगावर जानवे असते. विष्णूच्या मोहिनी रूपाशी असलेले नाते त्यातून दाखवले जाते.

म्हार्दोळच्या मोठ्या घंटेची गोष्ट गोव्यात सर्वतोमुखी आहे. या घंटेला एरवी लोलक नसे. कुणाला देवीसमोर साक्ष द्यायची असेल तेव्हाच तो बसवत. घंटा वाजवून खोटे बोलणाऱ्याला देवी शिक्षा करते अशी श्रद्धा होती, आणि अशा साक्षीला न्यायदानातही मान होता असे सांगतात. देवळापुढचा पितळी दीपस्तंभ आणि पावसाळ्यातली जायांची पूजा याही तिथल्या ओळखीच्या खुणा. जाईच्या कळ्यांनी देवीला सजवतात तेव्हा अवघे देऊळ घमघमते. कोंकणी कुटुंबे दक्षिणेकडे सरकली तशी ही देवीही त्यांच्याबरोबर कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेली. तिथे ‘महालसा’ असे ल-कारयुक्त रूप रूढ आहे.

इतिहासातील नावे : या नावाची सर्वांत प्रसिद्ध स्त्री म्हणजे जिजाबाईंच्या आई म्हाळसाबाई ऊर्फ गिरिजाबाई. सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे त्यांचे पती. म्हणजे शिवाजी महाराजांच्या आजीचे नाव म्हाळसा होते. सोळाव्या-सतराव्या शतकातील मानाच्या मराठा घराण्यात हे नाव चालत होते, याचा हा स्पष्ट दाखला आहे.

पुरुषांच्या नावांत म्हाळसा जास्त टिकली. म्हाळसाकांत आणि म्हाळसापती ही दोन्ही मुळात खंडोबाची विशेषणे. पुढे ती मुलांना ठेवली जाऊ लागली. शिर्डीच्या खंडोबा मंदिराचे पुजारी म्हाळसापती यांनी साईबाबांना प्रथम ‘साई’ अशी हाक मारली, असे परंपरा सांगते. मराठी रिवाजात लग्नानंतर बाईच्या नावापुढे नवऱ्याचे नाव लागते. इथे उलट आहे : देव ओळखला जातो तो बायकोच्या नावाने. निफाड तालुक्यातील म्हाळसाकोरे या गावाच्या नावातही हा शब्द आहे.

रूपे : नाव आकारान्त स्त्रीलिंगी असल्याने विभक्तीत ‘म्हाळसे-’ असे सामान्यरूप होते : म्हाळसेला, म्हाळसेने, म्हाळसेचा. हाक मारताना ‘म्हाळसे’. वडीलधाऱ्या बाईविषयी बोलताना म्हाळसाबाईंना, म्हाळसाबाईंचा.

प्रचार : नाव विरळ राहण्याचे कारण केवळ देवीविषयीचा धाक असे म्हणता येत नाही. लक्ष्मी, पार्वती, भवानी, रेणुका ही देवीचीच नावे मुलींना सहज ठेवली गेली. मात्र ती पुराणांमुळे देशभर परिचित होती. म्हाळसा ही दख्खनची आणि कोकणपट्टीची. विसाव्या शतकात सुशिक्षित मराठी घरांत संस्कृत वळणाची आणि कादंबऱ्या-चित्रपटांतून आलेली नावे रुळली. त्या लाटेत गावदेवतांची आणि कुलदैवतांची नावे जुनाट वाटू लागली. कथेतील म्हाळसेला सवत आहे, हेही आईवडिलांच्या मनात असणार. शिवाय ‘बाई’ जोडूनच ऐकलेले नाव तान्ह्या मुलीला शोभेल असे अनेकांना वाटत नाही.

2014 ते 2017 या काळात झी मराठीवर ‘जय मल्हार’ ही मालिका चालली. सुरभी हांडे यांनी तीत म्हाळसेची भूमिका केली, आणि एरवी जागरणात किंवा जत्रेत ऐकू येणारे हे नाव रोज संध्याकाळी घराघरांत पोचले. नव्या पिढीच्या मनात म्हाळसेला एक तरुण चेहरा मिळाला, हे त्या मालिकेचे देणे. आज मल्हार हे खंडोबाचे नाव शहरांतही मुलांना आवडीने ठेवतात. मग त्याच घोड्यावरचे दुसरे नाव मुलीला का ठेवू नये? अर्थ, इतिहास आणि भूमी या तिन्ही बाजूंनी ते तितकेच समृद्ध आहे.

लेखन व उच्चार : नावात ‘म्ह’ आणि ‘ळ’ हे दोन्ही मराठीचे खास ध्वनी आहेत. रोमन लिपीत ‘ळ’साठी वेगळे अक्षर नाही. म्हणून शाळेच्या दाखल्यावर किंवा पासपोर्टवर नाव रोमनमध्ये लिहिले, आणि पुढे कुणी तेच पुन्हा देवनागरीत उतरवले, की ते ‘म्हालसा’ होऊन परत येते. मराठी कानाला तो उच्चार परका वाटतो. जन्मदाखला देवनागरीत लिहून घेताना ‘ळ’ स्पष्ट आहे ना, हे तिथेच डोळ्यांनी पाहून घ्यावे. पुढे मुलीला आपले नाव लिहायला शिकवताना पहिल्यांदा गिरवायचे अक्षरही तेच असावे.