मजकूर व्यवस्थापन प्रणाली : संकेतस्थळाची सूत्रे लेखकाच्या हाती

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांसाठीच्या निविदा, भरतीच्या जाहिराती, अधिसूचना व योजनांची माहिती आज जिल्ह्याच्या संकेतस्थळावर दिली जाते. असे संकेतस्थळ सतत ताजे ठेवणे ज्या आज्ञावलीमुळे शक्य होते, तिला मजकूर व्यवस्थापन प्रणाली किंवा ‘सीएमएस’ म्हणतात.

आरंभीच्या काळात संकेतस्थळाचे प्रत्येक पान एचटीएमएल भाषेत स्वतंत्रपणे लिहावे लागे. एखादा दूरध्वनी क्रमांक बदलायचा तरी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागे. सीएमएसने मजकूर आणि मांडणी यांची फारकत केली. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, मांडणी साच्यात राहते आणि वाचकाने पान उघडताच दोन्ही एकत्र येतात. ड्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) आणि जूमला (२००५) या मुक्त स्रोत प्रणालींमुळे ही सोय सर्वांना विनामूल्य उपलब्ध झाली.

सरकारी संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘एस-थ्री-वास’ ही सेवा विकसित केली. सुरक्षित, विस्तारक्षम व सुगम्य संकेतस्थळ तयार साच्यातून उभारून देणे, हे तिचे काम. वाशिमचे संकेतस्थळही याच पद्धतीचे आहे. त्यात श्रमविभागणी स्पष्ट असते : तंत्राची जबाबदारी केंद्राची, मजकुराची जिल्हा प्रशासनाची.

अशीच विभागणी प्रणालीच्या आतही असते. वर्डप्रेसमध्ये ‘योगदानकर्ता’ मसुदा लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. ‘लेखक’ स्वतःचे लेखन प्रसिद्ध करतो, ‘संपादक’ इतरांचेही तपासतो, तर ‘प्रशासक’ संपूर्ण व्यवस्था सांभाळतो. जुन्या आवृत्त्या जतन होत असल्याने चुकीचा बदल मागे घेता येतो. विपणन करणाऱ्यांना प्रसिद्धीची वेळ आधीच ठरवता येते. शोधयंत्रात दिसणारे शीर्षक व सारांशही त्यांना लिहिता येतात. मात्र काही प्रणालींत त्यासाठी पूरक आज्ञावली जोडावी लागते.

मराठी लेखकांसाठी युनिकोडचा मुद्दा कळीचा आहे. एकेकाळी मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टमध्ये टंकित होत असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे उमटत आणि असा मजकूर शोधयंत्रालाही सापडत नसे. युनिकोडमधील मजकुराला ही अडचण येत नाही. मात्र मुद्रित आदेशाचे केवळ छायाचित्र चढवले, तर त्यातील शब्द शोधणे पुन्हा कठीण होते आणि दृष्टिहीनांच्या वाचन-आज्ञावलीलाही ते वाचता येत नाहीत. केंद्र सरकारने २००९ मध्ये जारी केलेल्या आणि २०१८ व २०२३ मध्ये सुधारलेल्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांत सुगम्यतेवर भर आहे, तो यासाठीच.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे आणि ती दरवर्षी अद्ययावत करणे बंधनकारक आहे. सीएमएसमुळे हे काम काही मिनिटांचे झाले. पण मुदत संपलेली सूचना आपोआप हटेलच असे नाही. अर्जाची चुकीची तारीख वाचून मानोऱ्याहून वाशिमला आलेल्या शेतकऱ्याचा दिवस वाया जातो, तेव्हा दोष बहुधा आज्ञावलीचा नसतो. म्हणूनच प्रणाली निवडताना प्रत्येक पानाची जबाबदारी कोणाची आणि ते पुन्हा कधी तपासायचे, हे आधी ठरवलेले बरे.