प्रज्ञाचक्षू आणि वाचून दाखवणारे

श्रीगुलाबराव महाराजांचे नाव निघाले की श्रोत्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'प्रज्ञाचक्षू'. शब्द यथार्थ आहे. पण तो उच्चारताना आपण त्या देहाने काय सोसले ते जरा घाईने ओलांडून जातो.

महाराजांचा जन्म १८८१ सालचा, अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळीचा. घर माधानचे. नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांचे दुखणे आले, औषध उलटले आणि दृष्टी गेली, असे चरित्रात सांगितले आहे. त्या काळी देवीच्या रोगाने आणि डोळ्यांत घातलेल्या भलत्यासलत्या औषधांनी खेडोपाडी कितीतरी लेकरांचे डोळे गेले. पुढे बालवयातच आई गेली, आजीने सांभाळले.

फ्रान्समध्ये लुई ब्रेल या मुलाचे डोळे वडिलांच्या कारखान्यातील आरी लागून गेले होते. त्याने पंधराव्या वर्षी, १८२४ च्या सुमारास, बोटांनी वाचायची ठिपक्यांची लिपी बसवली. आपल्या भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली ती १९५१ साली. महाराज तर १९१५ मध्येच गेले. म्हणजे वेदान्त, व्याकरण, सांख्य, पाश्चात्त्यांची मते, सगळे कानावाटे आले. कोणी वाचले, महाराजांनी ऐकले. महाराजांनी सांगितले, कोणी उतरून घेतले. शास्त्राचा ग्रंथ मोठ्याने वाचून दाखवणे काय असते, हे ज्याने पाठशाळेत केले आहे त्यालाच ठाऊक! जोडाक्षर चुकले की अर्थ गेला.

नवविधा भक्तीत श्रवण पहिले. आपला संप्रदाय कानाचा आहे. म्हणून कान जातो तेव्हा वारकऱ्याचे काय होते, हे मला हल्ली कळते आहे. मृदंगाची थाप छातीत उमटते, टाळाची किणकिण मात्र हरवते. बोलण्यातला 'स' आणि 'श' येतच नाही. वयाच्या बहिरेपणात उंच स्वर आधी जातात, असे वैद्यांनी समजावले. मंडळी म्हणतात, "बुवा, आता आतला नाद ऐका." हे समाधान मला मानवत नाही.

गीतेच्या तेराव्या अध्यायात दहा इंद्रिये क्षेत्रात मोजली आहेत; जाणणारा निराळा. सिद्धान्त खराच. पण शेत बुडाल्यावर 'धनी निराळा आहे' म्हणून आपण शेतकऱ्याला वाटेला लावत नाही. बियाणे देतो, औत देतो. महाराजांना वाचून दाखवणाऱ्यांनी हेच केले. त्यांच्या कष्टाला चमत्काराच्या खाती घातले, तर दिंडीत काठी टेकत चालणाऱ्या आंधळ्या पोराला हरिपाठ सांगायला कोण बसेल?

महाराज गेले तेव्हा वय अवघे चौतीस, आणि मागे सव्वाशेच्या वर ग्रंथ. 'संप्रदायसुरतरू' उघडला की ओवीआधी माझे लक्ष हल्ली ती उतरून घेणाऱ्या हाताकडे जाते.