मैत्री, बंधुत्व, प्रवाह : रशियन नळवाहिन्या आणि त्यांची नावे

व्यापाराचा इतिहास हा पुष्कळ अंशी मार्गांचा इतिहास असतो. परंतु सर्व मार्ग एका जातीचे नसतात. एक बंदर बंद झाले तर जहाज दुसऱ्या बंदराकडे वळू शकते. आगगाडीच्या रुळांवरून आज धान्य तर उद्या कोळसा नेता येतो. जमिनीत पुरलेल्या नळाला यांपैकी काहीच साधत नाही. तो ठराविक टोकांनाच जोडतो, ठराविक मालच वाहून नेतो, आणि एकदा पुरला की कित्येक दशके जागचा हलत नाही. म्हणून नळवाहिनी घालणे हा केवळ स्थापत्याचा किंवा यंत्रविद्येचा प्रश्न नसतो. पुढील दोन पिढ्या आपण कोणाशी व्यवहार करणार, याविषयी उभय पक्षांनी एकमेकांना दिलेला तो आगाऊ शब्द असतो.

तेल व नैसर्गिक वायू निर्यात करणाऱ्या राष्ट्रांत रशियाचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. तो प्रस्तुत लेखात वाहिन्यांच्या नावांच्या आधाराने पाहावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयाला हात घालावा याचे कारण एवढेच की, ही नावे स्वतःच इतिहासाची साधने आहेत. नाव ठेवणारा वस्तूचे नुसते वर्णन करीत नसतो. ती वस्तू लोकांनी कशी समजावी, हेही तो सुचवीत असतो.

आरंभीच्या वाहिन्यांना विशेषनामे नव्हती. कास्पियन समुद्राकाठच्या बाकू येथे १८७८ साली नोबेल बंधूंसाठी व्लादिमीर शुखोव या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली रशियन साम्राज्यातील पहिली तेलवाहिनी घातली गेली. बालाखानीच्या विहिरींपासून शुद्धीकरणाच्या कारखान्यांपर्यंतचे तिचे अंतर जेमतेम दहा किलोमीटर होते. तोपर्यंत तेल पिंपांत भरून गाड्यांवरून नेले जाई. नळ आल्यावर वाहतुकीचा खर्च एकदम उतरला आणि गाडीवाल्यांचा धंदा बसला. पुढे बाकूचे रॉकेल काळ्या समुद्रावरील बाटुमी बंदरापर्यंत नेण्यासाठी आठशेहून अधिक किलोमीटरांची वाहिनी बांधण्यात आली. तिचे काम १८९७ मध्ये सुरू होऊन १९०७ मध्ये पुरे झाले. अशा वाहिनीचा पुरस्कार रसायनशास्त्रज्ञ मेंडेलेयेव याने कितीतरी आधीपासून केला होता. बाकू–बाटुमी, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली मॉस्कोला वायू पुरविणारी सारातोव–मॉस्को, ही नावे म्हणजे केवळ दोन गावांची जोडी होय. वाहिनी देशाच्या सीमेच्या आत होती, तोवर तिने कोणाला काही पटवून देण्याची गरज नव्हती.

ही गरज सीमा ओलांडताना उत्पन्न झाली. व्होल्गा व उरल यांच्या दरम्यानच्या प्रदेशात, विशेषतः १९४८ साली तातारस्तानात सापडलेल्या रोमाश्किनो क्षेत्रात, तेलाचे विपुल साठे हाती आले होते. पूर्व युरोपातील समाजवादी राष्ट्रांना ते पुरविण्याचा निर्णय त्यांच्या परस्पर आर्थिक साहाय्य परिषदेने डिसेंबर १९५८ मध्ये घेतला. अल्मेत्येव्स्कपासून निघून बेलारूसमधील मोझिर येथे दुभंगणारी, आणि एका शाखेने पोलंड व पूर्व जर्मनीला तर दुसरीने युक्रेनमार्गे चेकोस्लोव्हाकिया व हंगेरीला जाणारी ही वाहिनी ऑक्टोबर १९६४ मध्ये पूर्णत्वास गेली. तिचे नाव ‘द्रुझ्बा’, म्हणजे मैत्री.

या मैत्रीचे स्वरूप कसे होते? श्वेट, प्लोत्स्क, ब्रातिस्लावा, सासहालोम्बाट्टा येथील तेलशुद्धीकरणाचे कारखाने या वाहिनीच्या आधाराने उभे राहिले, आणि तिच्यातून येणाऱ्या तेलाच्या गुणधर्मांना अनुसरून त्यांची यंत्रे बसविली गेली. निराळ्या प्रतीचे तेल आणावयाचे झाल्यास यंत्रेही बदलावी लागणार होती. हंगेरीतील उठाव रणगाड्यांनी चिरडला गेला त्याला १९५८ साली अवघी दोन वर्षे झाली होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ‘मैत्री’ हा शब्द जे होते त्याचे वर्णन करीत नव्हता. जे असावे असे म्हटले जात होते, त्याचे करीत होता.

पश्चिमेकडील राष्ट्रांनीही हा नळ निरुपद्रवी मानला नाही. पश्चिम जर्मनीतील कारखान्यांनी १ लाख ६३ हजार टन मोठ्या व्यासाचे नळ सोव्हिएत संघाला विकण्याचे करार १९६२ च्या ऑक्टोबरात केले होते. नोव्हेंबरात नाटो संघटनेने असे नळ न विकण्याची शिफारस केली आणि आदेनौअर सरकारने ते करार मोडावयास लावले. त्यावर सोव्हिएत संघाने मोठे नळ स्वतः तयार करण्याची सिद्धता केली. चेल्याबिन्स्कच्या कारखान्यातून १९६३ साली निघालेल्या पहिल्या मोठ्या नळावर कामगारांनी ‘त्रुबा तेबे, आदेनौअर’ असे लिहिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. रशियन भाषेत ‘त्रुबा’ म्हणजे नळ. पण बोलीत त्याच शब्दाचा अर्थ ‘कारभार आटोपला’ असाही होतो. ‘हा घे तुझा नळ’ आणि ‘तुझे आता संपले’ हे दोन्ही अर्थ त्या तीन शब्दांत एकत्र नांदतात. ‘द्रुझ्बा’ हे शासनाचे नाव, तर ‘त्रुबा’ हा कामगारांचा विनोद. एकाच वाहिनीविषयी वरून आणि खालून बोलली गेलेली ही दोन भाषांची रूपे आहेत, आणि इतिहासकाराने दोन्ही ऐकावयास हवीत. नळांवरील ही बंदी १९६६ साली उठली.

तेलामागोमाग वायू आला. १९६७ मध्ये चेकोस्लोव्हाकियास वायू पोहोचविणाऱ्या वाहिनीचे नाव ‘ब्रात्स्त्वो’, म्हणजे बंधुत्व. यातील ‘ब्रात’ हा आपल्या ‘भ्रातृ’ शब्दाचा सगोत्र होय. परंतु लगेच पुढच्या वर्षी, १९६८ च्या सप्टेंबरात, याच मार्गाने ऑस्ट्रियाला वायू मिळू लागला, आणि ऑस्ट्रिया काही समाजवादी बंधू नव्हता. फेब्रुवारी १९७० मध्ये एसेन येथे पश्चिम जर्मनीशी करार झाला : जर्मन बँकांनी कर्ज द्यावयाचे, जर्मन कारखान्यांनी नळ द्यावयाचे, आणि रशियाने त्याची फेड वायूच्या रूपाने करावयाची. १९७३ साली हा वायू प्रत्यक्ष सुरू झाला. ‘सोयूझ’ म्हणजे संघ आणि ‘प्रोग्रेस’ म्हणजे प्रगती, ही नावे याच परंपरेतील होत.

आता एक अपवाद पाहू. या काळातील सर्वांत वादग्रस्त वाहिनी सैबेरियातील उरेंगोयपासून युक्रेनच्या पश्चिम सीमेपर्यंत ४,४५१ किलोमीटर जाते. पश्चिम युरोपला मोठ्या प्रमाणावर वायू विकण्यासाठी ती बांधली गेली. पोलंडमध्ये लष्करी कायदा जारी झाल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी डिसेंबर १९८१ मध्ये तिच्या यंत्रसामग्रीवर निर्बंध घातले, आणि जून १९८२ मध्ये ते अमेरिकी कंपन्यांच्या युरोपातील शाखांनाही लागू केले. ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी व इटली या मित्रराष्ट्रांनीच ते मानले नाहीत, आणि नोव्हेंबरात निर्बंध मागे घ्यावे लागले. हिचे नाव मात्र उरेंगोय–पोमारी–उझगोरोद एवढेच आहे. गिऱ्हाईक भांडवलशाही असल्यावर बंधुत्वाचा उच्चार उभयतांना अवघड गेला असता. म्हणून नाव पुन्हा गावांवर आले. नावाचे मौनही काही सांगत असते, ते असे.

१९९१ साली सोव्हिएत संघ विघटित झाला. नळ होते तेथेच राहिले. सीमा मात्र त्यांच्यावरून नव्याने ओढल्या गेल्या. ‘बंधुत्व’ आता युक्रेन नावाच्या स्वतंत्र राष्ट्रातून जात होते. वायूचा दर आणि थकबाकी यांवरून जानेवारी २००६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २००९ मध्ये पुरवठा तुटला. दुसऱ्या खेपेस ऐन हिवाळ्यात सुमारे दोन आठवडे युरोपातील अनेक देशांना त्याची झळ लागली. या मध्यस्थ भूमीला वळसा घालण्याचे प्रयत्न तत्पूर्वीच सुरू झाले होते. बेलारूस व पोलंडमार्गे जाणाऱ्या वाहिनीस ‘यामाल–युरोप’ म्हणण्यात आले. ‘यामाल’ हा नेनेत्स भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘भूमीचा शेवट’ असा होतो. गंमत अशी की, या वाहिनीतून नव्वदीच्या दशकातच वायू वाहू लागला, पण यामाल द्वीपकल्पावरील प्रचंड बोव्हानेन्कोवो क्षेत्र सुरू झाले ते २०१२ साली. नाव आधी पोहोचले, वस्तू मागाहून.

त्यानंतरच्या नावांत ‘पोतोक’, म्हणजे प्रवाह, हा एकच शब्द पुनःपुन्हा येतो. काळ्या समुद्राखालून तुर्कस्तानास जाणारा नील प्रवाह २००३ मध्ये सुरू झाला, बाल्टिक समुद्राखालून थेट जर्मनीस जाणारा १,२२४ किलोमीटरांचा उत्तर प्रवाह २०११ मध्ये, तर तुर्क प्रवाह २०२० मध्ये. मैत्री, बंधुत्व, संघ या शब्दांना माणसे लागतात. प्रवाहाला कोणीच लागत नाही. जणू व्यवहारातून माणसे वगळली की वादही वगळला जाईल, अशी ही परिभाषा होती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर व्यापक आक्रमण केले, आणि ही समजूत टिकली नाही. २०२१ साली युरोपीय संघाच्या आयात वायूपैकी सुमारे ४५ टक्के वायू रशियाचा होता. दुसरा उत्तर प्रवाह बांधून तयार असूनही कधी वापरात आला नाही; २६ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या स्फोटांत दोन्ही उत्तर प्रवाहांच्या चार नळांपैकी तीन फुटले. १ जानेवारी २०२५ पासून युक्रेनमार्गे होणारा पुरवठाही थांबला.

येथे तेल आणि वायू यांतील भेद लक्षणीय ठरतो. समुद्रमार्गे युरोपला जाणारे रशियन तेल काही महिन्यांतच भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे आणि चीनकडे वळले, कारण जहाजाला सुकाणू असते. वायूचे तसे झाले नाही. चीनला जाणारी ‘सीला सिबिरी’, म्हणजे सैबेरियाची शक्ती, ही वाहिनी २०१९ पासून चालू होती. पण तिला पूर्व सैबेरियातील चायांदा आणि कोविक्ता ही क्षेत्रे वायू पुरवितात. युरोपसाठी खोदलेल्या पश्चिम सैबेरियातील विहिरींशी तिचा सांधाच नाही. परिणामी गाझप्रोम या रशियन वायुसंस्थेला २०२३ मध्ये, १९९९ नंतर प्रथमच, वार्षिक तोटा सोसावा लागला. नळाने गिऱ्हाईक बांधले जाते हे सर्वांस ठाऊक होते. विक्रेताही तितकाच बांधला जातो, हे या वेळी प्रत्ययास आले.

या विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, वाहिनीचे नाव जितके उदात्त, तितका त्यामागील संबंध अधिक तपासून पाहावा. दुसरी अशी की, नाव आणि वस्तू यांचे आयुष्य सारखे नसते : ज्या राज्यव्यवस्थेने ‘द्रुझ्बा’ हे नाव दिले ती लयास गेली, नळ राहिला, आणि नाव त्याला चिकटून राहिले. रशियन भाषेत मित्रवाचक ‘द्रुग’ आणि ‘दुसरा’ या अर्थाचा ‘द्रुगोय’ हे एकाच मुळातून निघाले आहेत. मित्र हा आपल्याहून दुसरा असतो आणि दूर जाण्याची मुभा त्याला असते, हे भाषेला ठाऊक होते. नळ घालताना मात्र त्या मुभेसाठी कोठेच जागा ठेवली गेली नाही.