युवा फुटबॉलमधील दुखापत-प्रतिबंध : खानदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

खेळातील दुखापत म्हणजे दैवाचा भाग, ही समजूत महाविद्यालयीन मैदानावर अजूनही आढळते. पूर्वतयारीने अनेक दुखापती टाळता येतात, हा विचार आधुनिक क्रीडावैद्यकाने ठामपणे मांडला. परंतु महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेला तो अपरिचित नव्हता. प्रस्तुत लेखात या विचाराचा मागोवा घेतला आहे.

आखाड्याची शिस्त

आखाड्यातील तांबड्या मातीत ताक, तेल व हळद मिसळली जाई आणि कुस्तीपूर्वी ती उकरून भुसभुशीत केली जाई. जोर-बैठकांची संख्या क्रमाने वाढविली जाई. पोराची जोड वस्ताद ठरवीत असे. म्हणजेच जमीन, शरीर व प्रतिस्पर्धी या तिन्हींचा विचार आधीच होत असे.

मैदानी खेळांचे आगमन

फुटबॉल हा खेळ ब्रिटिश लष्कराबरोबर आला. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली. पुढे शाळा-महाविद्यालयांनी चेंडू स्वीकारला, तथापि तयारीची शिस्त बहुतांशी आखाड्यातच राहिली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळले. नडगीरक्षक तर नियमाने १९९० मध्ये सक्तीचे झाले.

परंपरा व प्रयोग

व्यायामाचे परिणाम प्रयोगाने तपासण्याच्या परंपरेशी खानदेशाचा संबंध आहे. बडोद्यात माणिकरावांकडे व्यायामाचे शिक्षण घेतलेले स्वामी कुवलयानंद काही वर्षे अमळनेर येथे अध्यापन करीत होते. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला.

फुटबॉलच्या बाबतीत हीच दृष्टी फार उशिरा आली. फिफाचे वैद्यकीय संशोधन केंद्र १९९४ मध्ये स्थापन झाले आणि २००६ मध्ये ‘११ प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम तयार झाला. धावणे, स्नायूंचे बळ, तोल व उडी मारून योग्य रीतीने जमिनीवर येणे हे त्याचे घटक होत. नॉर्वेतील १३ ते १७ वयोगटातील १,८९२ मुलींच्या अभ्यासात (२००८) हा व्यायाम करणाऱ्या गटात एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने व गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी आढळल्या.

खानदेशातील वास्तव

जळगाव-धुळे परिसरातील काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी टणक होते व तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर घोटा व गुडघा यांना धोका अधिक. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यातील शाळांना फुटबॉल वाटण्यात आले. मात्र चेंडूबरोबर पूर्वव्यायामही पोहोचणे तितकेच आवश्यक होते. शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षणावर आशा ठेवणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, तर केवळ एक सामना नव्हे, त्याची उपजीविकेची वाटच बंद होऊ शकते.

समारोप

‘११ प्लस’साठी चेंडूखेरीज महागडे साहित्य लागत नाही, आठवड्यातून किमान दोनदा सातत्याने करवून घेणारा शिक्षक लागतो. मैदानावर पाणी मारणे, भेगा बुजविणे व वयानुसार जोड लावणे यांसाठीही मोठा निधी लागत नाही. वस्तादाची ही जबाबदारी आज क्रीडाशिक्षकाकडे व पर्यायाने महाविद्यालयाकडे आलेली आहे.