परदेशस्थ दूरस्थ नोकरी (नांदेड–लातूर)

संगणकावरची नोकरी कायम ठेवून कमी कर व सुखकर राहणीसाठी परदेशात मुक्काम हलविणे. लातूर पॅटर्न या अभ्यासपद्धतीतून किंवा नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेतून (स्थापना 1981) निघालेला अभियंता सहसा आधी पुणे किंवा हैदराबाद गाठतो. दुबई त्यापुढचा टप्पा. दुबईने दूरस्थ कामगारांसाठी एक वर्षाचा परवाना ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू केला. तेथे पगारावर आयकर नाही.

नुसत्या परवान्याने मात्र भारतातील कर सुटत नाही. आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहणारा निवासी ठरतो आणि त्याचे जगभरातील उत्पन्न करपात्र होते. भारतातील उत्पन्न 15 लाखांवर असलेल्या, भेटीस येणाऱ्या नागरिकासाठी 2020 पासून निवासी ठरण्याची ही मर्यादा 120 दिवसांवर आली. आईवडिलांच्या आजारपणात गावी लांबलेला मुक्कामही यात मोजला जातो, हे निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

अनिवासी झाल्यावरही लातूरमधील घरभाडे भारतात करपात्रच राहते. सोयाबीनचे शेती-उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त असते. वारसाहक्काने आलेली शेतजमीन अनिवासी भारतीयाला ठेवता येते, पण रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय नवी विकत घेता येत नाही.